अर्ध्या ॲम्बेसेडरची सहल

माझ्या बायकोनं उभ्या संसारात माझ्याकडं एकच गोष्ट मागितली, आणि ती द्यायला मी एक ॲम्बेसेडर मधोमध कापली.

मागणं साधं होतं. मी पाटबंधारे खात्यातून रिटायर झालो, तेव्हा ती म्हणाली, "आपण जिथं गेलो तिथं पाहुण्याकडंच गेलो. उमरीला नणंद, मुदखेडला मावशी, मुरुडला बहीण. पिशवी ठेवली की मी पदर खोचून त्यांच्या ओट्यापुढं उभी. मला एक रात्र अशा ठिकाणी न्या, जिथं आपलं कुणी न्हाई."

लॉज नावाची गोष्ट जगात असते, हे दुसऱ्या कुणालाही सुचलं असतं. मी मोबाइलवर एका गोऱ्याचा व्हिडिओ बघितला. त्यानं जुन्या गाडीच्या सांगाड्यातून पाण्याच्या थेंबासारखी, दोन माणसं आडवी होतील एवढी खोली केली होती आणि ती मोटारीमागं जोडून तो बायकोला घेऊन हिंडत होता. झालं! उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग.

नांदेडच्या भंगारातून इंजिन नसलेली ॲम्बेसेडर आणली. पुढचा भाग कापून टाकला, मागचा एका ट्रॉलीच्या चाकांवर बसवला, वर पत्रा वाकवून ठोकला. आत प्लायवूडचं बिछान्याचं फळकूट टाकलं आणि ऐटीत आडवा झालो, तर माझे पाय दाराबाहेर. जन्मभर कालव्यांची मापं घेतलेला माणूस मी, पण स्वतःची उंची मोजायची राहून गेली. गल्लीतले लोक पायांना नमस्कार करून जायचे, नालायक!

पाय आत घेईपर्यंत उन्हाळा सरला. बायको अधूनमधून विचारायची, "झोपायची जागा झाली का?" मी म्हणायचो, "तू बघच." कारण माझी खरी कारागिरी मागच्या बाजूला चालली होती. शेवटी एका संध्याकाळी शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून मी मागचं झाकण उचललं. आत स्टीलचा ओटा, दोन बर्नरची शेगडी, मिसळणाच्या डब्याला कप्पा, तवा अडकवायला आकडा. भाकरी थापायची परात हलू नये म्हणून खोबणसुद्धा केली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायकोनं ओट्यावरून हात फिरवला, "बरं झालंय," म्हणाली आणि लोकांसाठी चहा टाकायला घरात गेली. मला वाटलं, आनंद लपवायला गेली. गाढवाला असंच वाटतं.

पुढच्याच रविवारी आम्ही निघालो. भाड्याच्या जीपमागं ते पांढरं धूड बघून लोह्याला पोलिसानं हात दाखवला. "कुणाची मयत न्यायलाव?"

"ह्यांच्या अकलेची," बायको म्हणाली. तो हसला आणि त्यानं आम्हाला सोडलं.

अहमदपूरच्या पुढं एक तळं आहे. आसपासच्या कुठल्याच गावात आमचं पाव्हणंरावळं नाही, याची मी फोन करकरून खात्री केली होती. ती तळ्याकाठी दगडावर बसली, पाय पाण्यात सोडले आणि चक्क गुणगुणायला लागली. इतक्या वर्षांत मी तिला असं बसलेलं बघितलं नव्हतं. मला लई बरं वाटलं. मग मी झाकण उचललं.

झाकण बघून मोटारसायकलवरचा एक शेतकरी थांबला. "कोणतं गाव, पाव्हणं?"

इथं थाप मारायला पाहिजे होती. पण आमच्याकडं हा प्रश्न एकदा निघाला की नातं सापडेस्तोवर दोघांपैकी कुणीच हलत नाही. सापडलंच! त्याच्या साडूची पुतणी माझ्या बहिणीच्या उमरीत दिलेली. "मग तुमी आमचेच की वो!" त्यानं फोन लावला, आणि थोड्या वेळात घरच्या दोन बायका अन् एक म्हातारे मामा हजर.

"अगं, चहा टाक," मी म्हणालो. "पाहुणे आलेत."

ती उठली. चहा झाला, मग पोहे झाले. मी बिजागऱ्या उघडून-मिटून दाखवत होतो. दोघींतली एक म्हणाली, "ह्याच्यावर भाकऱ्या बी होतील की!"

"होतील म्हणजे? अगं, चार थापून दाखव बरं ह्यांना."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. हात धुतले, पदराला पुसले, आत गेली आणि आतून कडी लावली.

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. तिला ओट्यापासून एक रात्र लांब जायचं होतं, आणि मी ओटाच चाकांवर बसवून तिच्या मागं लावला होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पाहुणे बघत होते, म्हणून मी हळूच पत्र्यावर टकटक केली.

"अगं, पीठ कुठं ठेवलंय तेवढं सांग. मी थापतो."

मामा खाकरले. मी पुन्हा टकटक केली.

"मी घरी न्हाई," आतून आवाज आला.