सुमकला कोड नाही

तेराक्ली गावात सुमक म्हटलं की सालोमत-ओपाची, म्हणजे सालोमतताईचीच. बेशिकात, म्हणजे पाळण्यात, बांधून ठेवलेल्या बाळाला लावायची ही लाकडी नळी. शू तिच्यातून थेट खालच्या मडक्यात जाते आणि अंथरूण कोरडं राहतं. जर्दाळूच्या लाकडाची प्रत्येक नळी ओपा स्वतःच्या गालावर फिरवून बघायची. जरा टोचली की गेली चुलीत. कराच्या बाबतीतही बाई तशीच काटेकोर. ताश्कंदचं दुकान म्हणालं, व्हॅटचं बिल असेल तरच पाळणे घेऊ. तिनं त्याच आठवड्यात नोंदणी केली आणि एक विवरणपत्र कधी उशिरा जाऊ दिलं नाही. अशा बाईला कर कचेरीच्या लोकांनी छळावं?

झालं असं, की यंदा बिलावरची प्रत्येक वस्तू सरकारी यादीतूनच, तिथल्या कोडसकट निवडायची सक्ती आली. यादीत बेशिक होता, सुमक नव्हती. उझबेकांच्या देशात, उझबेकांनी केलेली यादी! हिशेबनिसानं शोधलं, तर लाकडी नळी म्हणून एकच नाव निघालं: धूम्रपानाची. त्यानं तेच टाकलं आणि मोकळा झाला. पंधरा दिवसांत नोटीस आली: तंबाखूचं साहित्य विकता आणि कळवत नाही, सबब नोंदणी स्थगित. नोंदणी नाही तर दुकान पाळणे घेणार नाही, आणि त्या पाळण्यांवर ओपाच्या छोट्या कारखान्यातल्या चार बायांची घरं चालत होती.

ओपा हातात सुमक घेऊनच कर कचेरीत गेली. अधिकारी बोतिर तिच्या भाच्याच्या वयाचा. त्यानं चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की यादी वरून ठरते. अर्ज करा, वर्षभरात होईल. तोवर 'बाळांसाठी प्लास्टिकची नळी' असं लिहा. ती परदेशातून येते म्हणून तिला कोड आहे.

"लाकडाला प्लास्टिक लिहू? तुझ्या मागच्या भिंतीवर काय लावलंयस ते वाच. खोटं बिल केलं तर दंड."

"ओपा, मी तरी काय करू? यंत्र तंबाखूच म्हणतंय."

"तू बेशिकातच वाढलास ना रे?"

"सगळेच वाढलो."

"मग लिहून दे. जन्मल्यापासून दीड वर्ष मी चिलीम ओढत होतो, आणि तीही तोंडानं नव्हे."

सगळी कचेरी हसली. बोतिरही डोळे पुसेपर्यंत हसला, आणि मग त्यानं एक कागद पुढे सरकवला: सदर कोडचा माल यापुढे विकणार नाही, अशी हमी. सही केली तर नोंदणी आजच सुरू. इतकं हसून झाल्यावरही माणसाचा हात त्याच कागदाकडे जातो, संताप येतो तो याचा.

चार बायांचा विचार करून तिनं सही केली. सुमकला दुसरा कोडच नव्हता, तेव्हा पाळणे सुमकविना गेले. दुकानानं त्यांत प्लास्टिक बसवलं.

महिन्याभरानं ताश्कंदहून एका आईचा फोन आला. प्लास्टिकनं लेकराच्या मांड्या सोलवटल्या होत्या. लाकडाची मिळेल का? ओपानं हिशेबनिसाला विचारलं, फुकट दिली तर चालेल ना? तो म्हणाला, फुकट दिली तरी ती विक्रीच धरतात, बिल लागतंच.

तिनं एक सुमक फडक्यात गुंडाळून ताश्कंदच्या टॅक्सीवाल्याकडे दिली. त्यानं सोबतचा कागद मागितला.

"कागद नाही. आतल्या खिशात ठेव, आणि कुणी विचारलं तर माझं नाव घेऊ नकोस."

पन्नाशी उलटलेली बाई बाळाच्या शूची नळी चोरट्या मालासारखी पाठवत होती.