सावलीतला धंदा

मी नालबंद झालो तो जनावरांच्या मायेपोटी नव्हे, सावलीपोटी. लोकांना सांगताना मी अर्थातच वेगळं सांगतो. लहानपणापासून बैलांची ओढ होती, खुरांचा आवाज कानात घुमायचा, असं काहीतरी. प्रत्यक्षात आमच्या घरी बैलच नव्हता. आमचं घर पेणच्या खाडीकाठचं, मिठागरावर राबणारं. घरात जनावर म्हणजे एक मांजर, आणि तेही शेजाऱ्यांचं.

मिठागरावर झाड उगवत नाही. दिवाळीनंतर काम सुरू झालं की पावसाच्या तोंडापर्यंत वरून ऊन आणि खालून मिठावर आपटून आलेलं तेच ऊन. वडील लाकडी फळीने वाफ्यातलं मीठ ओढून कडेला ढीग घालायचे, आणि मिसरूड फुटल्यावर ती फळी माझ्याही हातात आली. माझ्या पायांना चिरा पडायच्या, त्या चिरांत मीठ जायचं, आणि मी दिवसभर कुरकुरायचो. आई म्हणायची, "तुझी जीभ तेवढी मिठात घालून ठेव. मुरंल तरी."

अशात एकदा मी खांब गावी मामाकडे गेलो. मामा भातशेती करायचा. त्याचे बैल नाल मारायला रोह्याला न्यायचे होते, म्हणून मीही बरोबर निघालो. रोह्याच्या रस्त्याला एका मोठ्या चिंचेखाली तिथले नालबंद बसायचे. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. मी पाहिलं ते असं: उस्ताद स्टुलावर बसले आहेत, सावली गार आहे, समोरच्या हॉटेलातून चहा येतो आहे, आणि चांगले जमीनजुमलेवाले शेतकरी बैल धरून ताटकळत म्हणताहेत, "उस्ताद, जरा आमचंबी बघा." बसून काम, सावलीत काम, वर मान. मी तिथल्या तिथे आयुष्याचा निर्णय घेतला. त्याच चिंचेखाली बैलाच्या पोटाशी एक घामाघूम माणूस लोळत होता आणि तोच खरं काम करत होता, हे माझ्या नजरेतून कसं सुटलं कोण जाणे.

घरी येऊन सांगितलं तेव्हा वडील जेवत होते. त्यांनी घास गिळला आणि विचारलं, "बैलाला वहाना घालायला शिकनार?"

आई हसली. वडील हसले नाहीत. हात धुताना त्यांनी अट घातली. एक मोसम जायचं. पुढच्या दिवाळीला परत यायचं. त्यानंतर गावातल्या कुणी आपणहून स्वतःचा बैल माझ्या हाती दिला, तर मी खुशाल रामवाडीला हमरस्त्याच्या कडेला दुकान मांडावं. तिथे मुंबई-गोवा रस्त्यावर नवं डांबर पडलं होतं, बैलगाड्या पुष्कळ होत्या आणि नालबंद एकही नव्हता. कुणीच बैल दिला नाही, तर मुकाट्याने फळी धरायची. "आनि मग जलमभर तोंड उघडायचं नाय," असं ते म्हणाले. मला अट फारच सोपी वाटली.

उस्तादांनी मला ठेवून घेतलं ते माझे खांदे बघून. त्यांच्या मिशा कलप लावून काळ्याभोर केलेल्या असत आणि त्यांनी म्हणे तरुणपणी एका गोऱ्या साहेबाच्या घोड्याला नाल मारला होता. मी गेलो तेव्हा तो साहेब मामलेदाराच्या वरचा कुणीतरी होता. उन्हाळ्यात तो कलेक्टर झाला. मी निघालो तोवर गव्हर्नर झाला होता, आणि घोडाही तट्टाचा अरबी झाला होता.

पहिले काही महिने मी भाता ओढला आणि वाकडे खिळे सरळ केले. खिळ्यांपेक्षा माझी बोटंच जास्त ठोकली गेली. मग बैल पाडायला शिकवलं. बैलाच्या खुराला दोन फाका असतात, म्हणून त्याला घोड्यासारखा एक नाल चालत नाही. प्रत्येक फाकेला वेगळी पातळ लोखंडी पट्टी ठोकावी लागते, तिला पत्री म्हणतात. आणि बैल काही घोड्यासारखा पाय उचलून देत नाही. त्याला दोराने आडवा पाडून चारी पाय बांधावे लागतात. दोर कसा फिरवायचा, कधी हिसका द्यायचा, हे उस्तादांनी स्टुलावर बसून मला नीट समजावलं. मीही नीट मान डोलावली. मग कोलाडकडच्या एका शेतकऱ्याचा बैल समोर आला, मी दोर फिरवला, हिसका दिला, आणि बैल खरोखरच पडला. फक्त फासात त्याच्या पायांबरोबर माझाही एक पाय होता. आम्ही दोघं शेजारी शेजारी आडवे झालो. बैलाने माझ्याकडे वळून पाहिलं.

उस्तादांनी चहाचा घोट घेतला आणि शेतकऱ्याला विचारलं, "आदी कुनाला नाल मारू? दोगंबी तयार हायत."

ही हकीकत माझ्या आधी खांबला पोचली. मामा मला भेटायला आला तो दोर बरोबर घेऊनच आला.

पण हात बसत गेला. खिळा तिरका जायला हवा, खुराच्या कडेतून त्याचं टोक बाहेर यायला हवं आणि ते वळवून बसवायला हवं. जरा आत गेला की जित्या मांसात शिरतो आणि जनावर लंगडतं. हे कळेपर्यंत मी लाथा खाल्ल्या, शिव्या खाल्ल्या आणि उस्तादांच्या घरच्या भाकऱ्याही खाल्ल्या. शेवटी एके दिवशी एका बैलाचे चारी पाय मी एकट्याने केले. उस्तादांनी त्याला डांबरी रस्त्यावर चालवून पाहिलं, मान एका बाजूला करून आवाज ऐकला आणि म्हणाले, "जा आता घरी." मला वाटलं, माझ्यावर चिडले. ते खूश झाले होते.

दिवाळीला मी गावात परतलो तो चालण्याची ढबच बदलून. कमरेला सांडशी खोचलेली, खांद्यावर हातोडा, आणि प्रत्येक वाक्यात उस्ताद. उस्ताद म्हणतात पाणी सावकाश प्यावं. उस्ताद म्हणतात मासळी दुपारची खाऊ नये. चौथ्या दिवशी आईने विचारलं, "तुझा उस्ताद गप कधी बसायचं ते काय बोलत नाय काय?"

बैल मात्र कुणी देईना. लोक सांडशी बघत, हसत आणि पुढे जात. वडील रोज एकटे मिठागरावर जात आणि फळीबद्दल अवाक्षर काढत नसत. ते न बोलणं मला चांगलंच टोचत होतं.

मग माझा चुलता आला. तो आपल्या गाडीतून मिठागरावरचं मीठ रामवाडीपर्यंत वाहायचा, आणि डांबरावर घासून त्याच्या बैलांचे खूर झिजले होते. तो आपणहून म्हणाला, "बघतोस काय माझी जोडी?" मी उस्तादांसारखी मान एका बाजूला केली आणि म्हटलं, बघू.

अर्धं गाव जमलं. मी दोर फिरवताना आधी माझे दोन्ही पाय मोजून घेतले. दोन्ही बैल नीट पडले, पत्र्या नीट बसल्या, एकही खिळा आत गेला नाही. चुलता जोडी घेऊन गावातून फिरून आला. आणखी दोघांनी त्याच वेळी सांगितलं की पुढच्या बाजारानंतर आमचेही बैल आणतो. वडील लांब उभे राहून बघत होते. त्या दिवशी रात्रीच्या जेवणात आईने मला मासा मोठा वाढला, आणि मी मनातल्या मनात रामवाडीला दुकानाची जागा पक्की करून टाकली.

तीन-चार दिवसांनी चुलता म्हणाला, एक पत्री पडली. मी त्याला सांगितलं, तुझ्या बैलाची चालच वाकडी आहे. आणखी एक पडली तेव्हा सांगितलं, तू गाडी फार हाणतोस. खरी गोष्ट इतकी उघडी होती की ती फक्त मलाच दिसत नव्हती. रोह्याकडचे बैल कोरड्या, टणक वाटेने चालायचे. आमच्याकडचे बैल डांबराला लागण्याआधी खारातल्या, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीतल्या, गुडघाभर चिखलातून गाडी ओढायचे. त्यांचे खूर भिजून साबणाच्या वडीसारखे मऊ पडलेले. त्यात खिळा धरणार कसा? वरून खारं पाणी लोखंड खात होतं. चिखल पत्री ओढून घ्यायचा, खिळ्यांसकट. आई एवढंच म्हणाली, "चिखलात चप्पल टिकते काय कुनाची?" मी तिला सांगितलं, हे शास्त्र आहे, तुला कळायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिठागराच्या बांधावरून वडिलांनी मला हाक मारली. आवाज चढा नव्हता. मी गेलो तर ते बांधावर बसले होते, एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून. तळव्याला माझी पत्री चिकटली होती. चिखलात ती खिळे वर करून पडली होती आणि वडिलांनी अनवाणी पाय नेमका तिच्यावर टाकला होता. एक खिळा पुरता आत गेला होता.

मी खाली बसलो, घोड्याचा पाय धरतात तसा त्यांचा पाय दोन गुडघ्यांत धरला आणि सांडशी लावली. वडील म्हणाले, "सरळ वढ. वाकडा वढू नको." मी सरळ ओढला. रक्त आलं, आणि मला त्या क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली की सांडशी खाडीत फेकावीशी वाटली.

तेवढ्यात चुलत्याची गाडी आली. बैल आणायचं कबूल केलेल्या दोघांपैकी एक जण गाडीत बसला होता. वडिलांनी माझ्या हातातली पत्री घेतली आणि कमरेच्या पंच्यात खोचली.

"काय झालं?" चुलत्याने विचारलं.

"कालव लागलं," वडील म्हणाले.

खाडीकाठी कालवांचे शिंपले पायाला लागतातच, प्रत्येकाच्या तळव्यावर त्याची खूण असते. पण चुलत्याने वाकून जखम पाहिली. "कालव चिरतं. ह्ये भोक हाय."

"ह्ये भोक पाडनारं कालव व्हतं," वडील म्हणाले, आणि चुलत्याकडे बघत राहिले. चुलत्याने एकदा आपल्या बैलाच्या पायाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मग वडिलांना उचलून गाडीत घातलं. पेणला डॉक्टरने सुई मारताना विचारलं, कशाने लागलं. वडिलांनी त्यालाही कालवच सांगितलं.

गाडीतला तो दुसरा माणूस पेणलाच उतरला होता, आणि परतताना चुलता पुढे बसून बैल हाकत होता. वडिलांनी पंच्यातून पत्री काढली, पुसली आणि माझ्या हातात दिली. हळूच म्हणाले, "खारातला बैल परत घेऊ नको. रामवाडीला बस. सदा डांबरावर चालनारं बैल घे."

मी म्हटलं, "बा, पन गावातल्या मानसानं आपनहून बैल दिला तरच, असं बोल्ला व्हतास तू."

"दिला ना? दिला. झालं ते." मग पाय नीट करत म्हणाले, "या मोसमात मीठ तू वढ. माझा पाय दुखतो."

त्या मोसमात वडिलांची फळी मी ओढली. चुलत्याने उरलेल्या पत्र्या माझ्याकडून काढवून घेतल्या आणि त्यावर कधी एक शब्दही काढला नाही. वडील ओटीवर पाय पसरून बसायचे आणि जो विचारील त्याला कालवाची गोष्ट सांगायचे. उभ्या जन्मात मी त्यांना खोटं बोलताना ऐकलं ते तेवढंच, आणि ते त्यांनी बैलांना वहाणा घालायच्या धंद्यासाठी सांगितलं.