दानम्माचं नाक आणि येळवशीची भज्जी

मुरुडच्या पेठेमागच्या गल्लीत दानम्माचं नाक प्रसिद्ध होतं. दिसायला त्यात काही विशेष नव्हतं. थोडं बसकंच, वर एक चमकी. प्रसिद्धी सगळी कामाची. शेजारणीच्या चुलीवरचं दूध उतू जायच्या आत दानम्मा आपल्या ओट्यावरून ओरडायची, "अगं, दूध बघ!" पोत्यातल्या डाळीला कीड लागली की नाही, हे ती पोत्याचं तोंड न सोडता सांगायची. तिचा नवरा गुरुबसप्पा हॉटेलात चोरून भजी खाऊन आला, की दारातच पकडला जायचा. "जळकं तेल व्हतं. कुठं गेलता?" चाळीस वर्षांच्या संसारात त्या माणसाला बाहेरचं एक भजं पचलं नाही.

तेच नाक दिवाळीच्या तापानंतर कामावर यायचं बंद झालं होतं.

ताप दहा दिवसांनी उतरला. दानम्मा उठली, दूध तापवलं, आणि सून शिवकांता परसातून धावत येऊन म्हणाली की आत्याबाई, दूध करपलं. दानम्मा चुलीपाशीच बसलेली होती. "ठाव हाय मला," ती म्हणाली, "मुद्दाम आटवून राहिले." नंतर एकटीच असताना तिनं गुळाचा खडा तोंडात टाकला, मग मिठाचा. दोन्ही सारखेच लागले. लाकडाचा भुसा खावा तसे. आज येईल, उद्या येईल, असं करता करता दीड महिना गेला. वास आला नाही, आली ती येळवस.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. लातूरकडच्या माणसाला ही दिवाळीपेक्षा मोठी. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळे रानात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप म्हणजे खोपटी करायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड पाच पांडव म्हणून मांडायचे, आणि रानात बसून भज्जी, आंबील, बाजरीचे वाफवलेले उंडे खायचे. पुण्याकडच्या माणसानं भज्जी म्हटल्यावर कढईतली कांदाभजी डोळ्यांपुढं आणू नयेत. ही भज्जी म्हणजे तूर, वाल, वाटाणा, हरभऱ्याचा पाला, मेथी, चुका, वांगं, गाजर, रानात जे जे हिरवं असेल ते सगळं एका पातेल्यात, बेसन लावून तासन्‌तास शिजवलेलं. ती एकदा जमली की वर्षभर तिची चर्चा होते. बिघडली तर दोन वर्षं.

यंदा मात्र रानात जायचं कशाला, हाच प्रश्न होता. लातूर जिल्हा होऊन तिसरं वर्ष लागलं होतं आणि पावसानं पाठ फिरवली होती. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली, विहिरीचा तळ दिसला. गुरुबसप्पा पारावर म्हणायचा, "आपण जाग्यावरून हाललो न्हाई, अन्‌ उस्मानाबादेतून लातुरात आलो. आता पावसाला नवा पत्ता सापडंना, त्याला कोण काय करंल?" लोक हसायचे. घरी येऊन तो बैलांपुढं गप्प बसायचा, ते कुणी पाहायचं नाही.

शेवटी ठरलं की यंदाची येळवस घरीच, अंगणात. लातूरच्या नव्या कलेक्टर कचेरीत कारकून असलेला मुलगा विरूपाक्ष रजा घेऊन येणार होता, सोयरेधायरे मिळून चौदा पानं होणार होती. आणि निलंग्याहून गंगम्मा येणार होती. ही गुरुबसप्पाची थोरली बहीण, म्हणजे दानम्माची वन्सं. दानम्माला धाक होता तो हिचाच.

त्याचं कारण जुनं आहे, पण ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. दानम्मा या घरात आली तेव्हा भज्जीची पळी सासूच्या हातात होती. सहा-सात वर्षं सुनेनं नुसत्या शेंगा सोलल्या. मग एका येळवशीला सासूचं मीठ चुकलं. पुढच्या वर्षी पुन्हा चुकलं. तेव्हा भर रानात, पंगतीसमोर दानम्मानं सासूच्या हातातली पळी घेतली आणि म्हणाली, "आता तुमी बसा, आत्याबाई. तुमचं झालं." म्हातारी जाऊन बसली. त्यानंतर दोन वर्षं जगली, पण चुलीपुढं आली नाही. गंगम्मा त्या दिवशी पंगतीत होती.

आता शिवकांताला या घरात येऊन सात वर्षं झाली होती. तीही नुसत्या शेंगाच सोलत होती. दानम्माला हिशेब कळत होता. नाक गेलं हे कळलं की पळी जाणार, आणि पळी गेली की आपण बाजेवरची म्हातारी होणार. म्हणून ती गप्प होती. सुदैवानं रीतही तिच्या बाजूनं होती. नैवेद्य दाखवायच्या आधी भज्जी चाखायची नसते. मीठ-तिखट सगळं वासावर आणि हातावर. त्यामुळं "अव्वा, चाखून बघ की" असं मुलानंसुद्धा आईला म्हणायची सोय नव्हती. आजवर या रीतीचा दानम्माला त्रास व्हायचा. यंदा ती त्या रीतीच्या आडोशाला बसली होती.

आदल्या दिवशी ज्यांच्या विहिरीला थोडी ओल होती त्यांच्या रानातून बायकांनी भाजी खुडून आणली. येळवशीच्या आदल्या दिवशी कुणाच्याही रानात शिरावं, कुणी नाही म्हणत नाही. दुष्काळातही कुणी म्हटलं नाही. संध्याकाळी गंगम्मा एस्टीनं उतरली. पाय धुवायच्या आधीच तिनं विचारलं, "यंदा भज्जी कोण करून राहिलं?"

"मीच की, वन्सं. दुसरं कोण करंल?"

"तसं न्हाई. ताप आलता म्हनं तुला, म्हनून इचारलं." एवढं बोलून ती पाय धुवायला गेली. 

अमावस्येला पहाटेच दानम्मानं अंगणात मोठी चूल पेटवली. आता पाण्याचं सांगायला हवं. त्या वर्षी घरात दोन तऱ्हेचं पाणी असायचं. एक गोडं, गुरुबसप्पानं, आणि विरूपाक्ष रजेवर आला की त्यानं, दोन मैलांवरच्या विहिरीवरून सायकलला घागरी बांधून आणलेलं. दुसरं सरकारी हापशाचं. ते इतकं खारट-कडू की बैलसुद्धा आधी मालकाकडं बघायचे आणि मग प्यायचे. दोन्ही पाणी एकसारख्या तांब्याच्या हंड्यांत भरलेलं. घरातलं कुणीही बोट बुडवून जिभेला लावायचं आणि ओळखायचं. गोड्याचा हंडा देव्हाऱ्याजवळ असायचा. पण रात्री पाहुण्यांची अंथरुणं घालताना हंडे सरकवले गेले होते.

दानम्मानं एका हंड्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं. काही नाही. दुसऱ्यात बुडवलं. काही नाही. शिवकांता दारात झाडत होती, तिला एका शब्दानं विचारता आलं असतं. दानम्मानं विचारलं नाही. देव्हाऱ्याच्या त्यातल्या त्यात जवळचा हंडा उचलला आणि पातेल्यात ओतला.

पुढं तिनं जे काही केलं ते कौतुक करण्याजोगं होतं. नाकाचं काम तिनं कानांना दिलं. मोहरी किती तडतडली त्यावरून तेल ओळखलं. मिरचीचा ठेचा टाकला आणि अंगणात किती जण ठसकतात ते मोजलं. चौघे ठसकले, तेव्हा तिखट बरोबर. मीठ हाताला पाठ होतं, तीन मुठी आणि वर एक चिमूट, ते टाकलं. फक्त वाल काही केल्या शिजेनात. "यंदाचं दाणंच चिवट हाईत," असं तिनं मोठ्यानं सांगून टाकलं, आणि आणखी दोन लाकडं सारली.

तिकडं गुरुबसप्पानं कडब्याच्या पाच पेंढ्या उभ्या करून अंगणातच कोप केली होती. पूजा झाल्याबरोबर त्या पेंढ्या बैलांना घालायच्या, असं त्यानं बैलांच्या देखत कबूल केलं होतं. पाच पांडव मांडले, कपाळाला विभूती लावून पूजा झाली, नैवेद्य दाखवला. पांडवांनी तक्रार केली नाही. पंगत बसली.

या घराच्या पंगतीची एक पद्धत होती. पहिला घास गुरुबसप्पाचा, आणि त्यानंतर पहिली खोट काढणंही त्याचंच. "मीठ जरा कमी हाय." "तिखट वाढलंय." "चुका जास्त झाला." लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून हा नेम एकदाही चुकला नव्हता. तो काहीतरी नाव ठेवायचा, दानम्मा "मग हॉटेलात जा" म्हणायची, आणि मग सगळे जेवायला लागायचे.

गुरुबसप्पानं भाकरीचा तुकडा भज्जीत बुडवला, तोंडात घातला. थोडा थांबला. गिळला. पुन्हा एक तुकडा मोडला.

पंगत थांबून होती. दानम्मा पळी घेऊन उभी होती.

"काय झालं?" ती म्हणाली. "बोला की."

"झकास झालीय," गुरुबसप्पा म्हणाला. "वाढ अजून."

विरूपाक्षानं एक घास खाल्ला आणि आंबिलीचा गडू तोंडाला लावून अर्धा रिकामा केला. बाकीचे खाली माना घालून खाऊ लागले. कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

"मीठ कसं हाय?" दानम्मानं नवऱ्याला विचारलं.

"बरोबर हाय."

"बरोबर?"

"हाव. अगदी बरोबर."

त्या 'बरोबर'नं दानम्मा सावध झाली. ज्या माणसाला चाळीस वर्षांत एकदाही मीठ बरोबर लागलं नाही, त्याला आज लागलं होतं, आणि वर त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. याला सगळं माहीत आहे. हा मला सांभाळून घेतोय. तिला नवऱ्याचा असा राग आला की तसा हॉटेलातल्या भज्यांच्या वासानंही कधी आला नव्हता. आणि रागाच्या मागोमाग भरूनही आलं. ती पळीसकट खाली बसली.

"मला वास येत न्हाई," ती म्हणाली. "चवबी न्हाई. दिवाळीपसून. कसली झालीय ते खरं सांगा."

शिवकांता उठून पहाटे ओतलेल्या हंड्यापाशी गेली, तळाच्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि हळूच म्हणाली, "आत्याबाई, हापशाचं पानी पडलंय. वर आपलं मीठ हायच."

दानम्मानं गंगम्माकडं पाहिलं. आता ती बोलणार. बोलावंच तिनं, तिचा हक्क होता.

गंगम्मानं हातातला घास ताटात ठेवला. "आमच्या आईलाबी येत नव्हता गं वास," ती म्हणाली. "शेवटची तीन-चार वरसं. मरायच्या आधी मला एकटीला सांगितलं. तुला सांगू नगं म्हनली."

भर रानात जाऊन बसलेली सासू तिला दिसली. आपण जे दीड महिना भोगलं ते त्या बाईनं चार वर्षं भोगलं, आणि आपण तिला 'तुमचं झालं' म्हणालो. "मला म्हाईत नव्हतं, वन्सं," ती कशीबशी म्हणाली, आणि चौदा माणसांसमोर रडली.

"कसं म्हाईत असंल? ती बोलली न्हाई," गंगम्मा म्हणाली. "तू बोललीस. बरं केलंस."

दानम्मानं पदरानं तोंड पुसलं. उठली, शिवकांतापुढं जाऊन पळी तिच्यासमोर धरली. "घे. तुझी हाय आता."

शिवकांतानं पळी घेतली नाही. तिनं पातेलं पुन्हा चुलीवर चढवलं, त्यातली निम्मी भज्जी बादलीत काढली आणि गोड्या पाण्याचा अख्खा हंडा, उद्या सकाळपर्यंत पुरवायचा होता तो, पातेल्यात रिकामा केला. "मला प्रमाण कुठं म्हाईत हाय?" ती म्हणाली. "सात वरसं शेंगाच सोलल्या म्या. काय टाकू ते तुमी सांगा. वास मी सांगते."

विरूपाक्ष न सांगता घागरी सायकलला बांधायला लागला. गुरुबसप्पानं दोन लाकडं पुढं सारली, चाळीस वर्षांत पहिल्यांदाच.

"बेसन ताकात कालव. पातळ," दानम्मा म्हणाली. "अन्‌ उरलेला पाला घाल." ती पळी फिरवू लागली. "हं. आता सांग. कसा येऊन राहिला?"

शिवकांतानं पातेल्यावर वाकून श्वास घेतला. "लसणाचा येतोय. मागं हिरव्या तुरीचा, दाणा फोडल्यावर येतो तसा."

"चुक्याचा?"

"अजून न्हाई... आला. आंबूस. मेथीचा कडवट, पन थोडाच. बेसन खमंग लागून राहिलं बुडाला. तुमी मागल्या साली रानात केलती, तसाच वास हाय, आत्याबाई. धुरासकट."

दानम्मानं डोळे मिटले. तिच्या नाकाला काहीच कळत नव्हतं, तरी तिचा हात बरोबर जागी थांबला आणि तिनं पळी कडेला टेकवली.

"अजून सांग," ती म्हणाली.

शिवकांता सांगत राहिली, आणि पंगत ताटांवरून न उठता वाट बघत बसली.