‘गाडी वळवा’ मी म्हणालेच नव्हते

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी सरळ उठून भांडी घासायला जाते... असला फालतूपणा मला सहनच होत नाही. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण पोटात मावेना, म्हणून लिहिते.

आम्ही चिखलीत राहतो. यजमानांचा छोटा टेम्पो आहे — इथल्या वर्कशॉपमधले सुटे भाग चाकणच्या कंपन्यांना पोचवायचे. त्या दिवशी मला चाकणला बहिणीकडे जायचं होतं, म्हणून मीही शेजारी बसले. दुपारचे सव्वादोन. माल उतरवून कंपनीच्या गेटबाहेर आलो. यू-टर्न पार दीड किलोमीटर पुढे, म्हणून तिथले सगळेच टेम्पोवाले थोडं अंतर राँग साइडनं जातात. आम्हीही गेलो. समोरून सायकलवर एक वयस्कर गृहस्थ आले आणि... धाडकन आवाज झाला.

आसपास कुणी नव्हतं. मी काय बोलले ते लपवत नाही. "अहो, पळा! जेलमध्ये जाल!" यांनी गाडी दामटली. मी पदरात तोंड खुपसलं आणि त्यानंतर एक शब्द बोलले नाही.

चौकात यांनी कचकन ब्रेक दाबला. "बरं बाई, वळवतो. रडू नगंस."

मागे आलो तर ते गृहस्थ श्वास घेत होते. हे माझ्यावरच खेकसले, "बघतीस काय? पिशवीत डब्याखाली फोन हाय म्हणालीस न्हवं? लाव की त्यांच्या लेकीला!"

सायकलच्या हँडलला एक पिशवी अडकवलेली होती, चेन बंद. उघडली... डबा. खाली फोन. शेवटचा कॉल लेकीचाच! ती रडत रडत म्हणाली, "पप्पांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, डॉक्टरांना आधी सांगा." ते सांगितलं म्हणून जीव वाचला, असं नंतर डॉक्टरच म्हणाले. पायात मात्र रॉड पडला.

वकील म्हणाले, "ते गृहस्थ दगावले असते तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा होती. गंभीर दुखापतीला तीनपर्यंत आहे." यांनी गुन्हा कबूल केला. परत येऊन दवाखान्यात नेलं म्हणून तीन महिन्यांच्या कैदेवर भागलं. अपील करा म्हटलं तर, "चूक माझीच हाय," एवढंच बोलले. असा हा माझा माणूस! वर कोर्टात सांगितलं, गाडी बायकोनं वळवायला लावली. आता सगळी गल्ली माझं कौतुक करते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

शेवटी तुरुंगात यांच्या मुलाखतीला गेले तेव्हा जाळीतून सांगून टाकलं. "अहो, मी पळा म्हणाले होते. शप्पथ!"

हे हसायलाच लागले. "व्हय, ते बी ऐकलं की. पण मागनं वळवा म्हणालीस, ती पण तूच. बावीस वर्षं बोलणी खातोय तुझी, तुझा आवाज मला कळणार न्हाई व्हय?"

तो आवाज कुणाचा होता, मला आजही माहीत नाही. माझा असता तर किती बरं झालं असतं.