झाशीत मी चुका काढायला गेले

१० जून, मंगळवार. हातातलं काम : भाचीची जीभ सुरळीत करून देणे. बहिणीचं पत्र तसंच होतं. पद्मजा दहा वर्षांची झाली तरी अडखळते, नव्या शाळेच्या मुलाखतीत तिला स्वतःचं नावसुद्धा सांगता आलं नाही, तिथल्या मोठ्या बाईंनी शुक्रवारी शेवटचं बोलावलंय, आणि ‘ताई, तूच ये, तुझ्यापुढे कुणाचं चालत नाही.’ हे शेवटचं वाक्य खरं असल्यामुळे मी संध्याकाळच्या गाडीत बसले.

मी पुण्याच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासते. दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार मिळतो. नातेवाइकांच्या मी फुकट काढते.

बुधवारी दुपारी झाशीला उतरले तेव्हा फलाट तव्यासारखा तापला होता. उतरते न उतरते तोच एक टेम्पोवाला पुढे आला.

‘काए जिज्जी, कहाँ जाने?’

‘काय’ ऐकून मला वाटलं, वा, इथं अजून मराठी चालते! मी मराठीत ठणकावलं, ‘काय म्हणजे? घरी जायचंय.’

‘घरै तो सबई खों जाने, पतो तो बताओ,’ (घरी तर सगळ्यांनाच जायचंय, पत्ता तर सांगा) तो म्हणाला. ‘काए’ म्हणजे बुंदेलीत ‘का हो’, हे मला बहिणीनं नंतर सांगितलं. झाशीतली माझी पहिली दुरुस्ती अशी माझीच झाली. मी ती मनावर घेतली नाही.

बहीण सुलभा प्रेम नगरात राहते. तिच्या सासरची माणसं दोनशे वर्षांपूर्वी दक्षिणेतून इथं कारभार पाहायला आली आणि अजून तो संपला नसावा अशा थाटात बोलतात. लहान मुलंसुद्धा मोठ्यांना ‘आपण’ म्हणतात. मराठी कुठे खरी टिकली आहे याबद्दल त्यांचा पुणेकरांवर विश्वास नाही. सुलभाचे यजमान, नाना, रेल्वेत हेडक्लार्क. आल्याआल्या त्यांनी मला झालेल्या उपचारांची जंत्री ऐकवली. अक्कलकाढा चाटवून झाला. पोपटानं उष्टावलेला पेरू खाऊ घालून झाला; पोपट मात्र त्यानंतर बोलेनासा झाला. एरचला बसनं नेऊन एका बाबांच्या सांगण्यावरून बेतवा नदीतले खडे तोंडात धरायला लावले. एक खडा पोरीनं गिळला. दिल्लीचे एक डॉक्टर बरे आहेत म्हणतात, पण दर आठवड्याला दिल्ली, राहणं आणि त्यांची फी म्हणजे नानांना आधी डॉक्टरांचीच नोकरी धरावी लागली असती.

‘आणि तो गुरुवारचा दवाखाना?’ मी विचारलं. सुलभानं पत्रात ओझरतं लिहिलं होतं.

‘नगऱ्यातला? तिथं चार आण्याची चिठ्ठी काढतात,’ नाना म्हणाले. ‘चार आण्यात काय वाचा येणार, ताई?’

खडे फुकट होते, हे मी बोलले नाही.

पद्मजा कैरीच्या पन्ह्याचा पेला घेऊन आली. ‘मावशी, आपण आमचं शरबत घ्या.’

‘शरबत नाही, पन्हं म्हणायचं.’

तिनं ओठ मिटले, ते उघडलेच नाहीत. मान खाली घालून ती आत गेली.

जेवताना तिनं विचारलं, ‘मावशी, आणखी रोटी वाढू?’ ‘पोळी,’ मी म्हटलं. पुढे किताब आली, सफेद आली, बारिश आली, परसों आलं. मी दर वेळी मराठी शब्द पुढे केला आणि दर वेळी मुलगी मिटत गेली. माझं निदान पक्कं झालं : हिंदीनं पोखरलेली मराठी. दोन भाषांच्या दगडांवर पाय ठेवला की जीभ घसरणारच. सुलभालाही पटलं. गुरुवारी दवाखान्यात पुरावा म्हणून दाखवायला मी सगळे चुकीचे शब्द वहीत नीट उतरवून घेतले. तीच मुलगी ताटात ताक वाढताना ‘ताक’च म्हणाली, ‘मट्ठा’ नाही म्हणाली. भाताला भात, दाराला दार म्हणाली. हे मी ऐकलं. पण बरोबर आलेल्या शब्दाकडे बघण्याचा माझा पेशा नाही.

गुरुवारी सकाळी मी आणि पद्मजा दोघीच नगरा वस्तीत गेलो. दवाखाना म्हणजे रुळांच्या कडेची एक धर्मादाय खोली. भिंतीला हिरवा रंग, एक पंखा, आणि बाकावर कानाची, घशाची, जिभेची सगळी गिऱ्हाइकं एकाच रांगेत. वाचादोषाच्या बाई दर गुरुवारी ग्वाल्हेरहून पॅसेंजर गाडीनं येतात, संध्याकाळच्या गाडीनं परततात. बेगबाई त्यांचं नाव. पन्नाशीच्या, पायांत कॅनव्हासचे बूट. डॉक्टर दिसायला हव्या होत्या तशा त्या अजिबात दिसत नव्हत्या.

पद्मजाशी त्या अर्धा तास चित्रांचे पत्ते खेळल्या. मध्येच मालगाडी आली. तिचे डबे संपेपर्यंत खोलीतली सगळी माणसं आपापलं वाक्य तोंडात धरून गप्प बसली, आणि गाडी गेल्यावर तिथूनच पुढे बोलू लागली. पद्मजाही.

मग मला आत बोलावलं. मी वही पुढे केली आणि माझं निदान हिंदीत ऐकवलं.

‘अच्छा. हर शब्द के सामने मराठी भी बोलिए,’ त्या म्हणाल्या.

मी वाचू लागले. ‘रोटी. पोळी. किताब. पुस्तक. सफेद. पांढरा. बारिश. पाऊस...’ इथं माझा आवाज जरा उतरला. ‘परसों. परवा. नाही, म्हणजे... शरबत. पन्हं.’

‘मुझे मराठी नहीं आती,’ बेगबाई म्हणाल्या, ‘पर “प” सुनाई देता है।’

सत्तावीस वर्षं मी अक्षरं तपासते.

‘बच्ची हिंदी नहीं मिला रही। “प” पर अटकती है, इसलिए गली बदल लेती है। बड़ी होशियार है। और आप हर गली के मुँह पर खड़ी मिलीं।’

‘“परसों” में भी तो प है,’ मी म्हटलं. पडती बाजूही लढवायची माझी सवय.

‘उस पर अटकी नहीं?’

अडकली होती. तिचा शब्द पुरा होईपर्यंत मी थांबले नव्हते, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं नव्हतं.

‘और स्कूल में नाम पर चुप क्यों हुई, अब समझिए। नाम की दूसरी गली नहीं होती।’

मी औषध विचारलं. त्यांनी पद्मजाला ओठ न आवळता, श्वासाबरोबर हलकेच ‘प’ सोडायला शिकवलं, रोज दहा मिनिटं करायला सांगितलं. दर गुरुवारी यायचं. आणि घरच्यांनी?

‘रुकना है। उसका शब्द छीनना नहीं, सुधारना नहीं। बस रुकना।’

‘इतना ही?’

‘मुफ़्त की चीज़ है ना, इसीलिए कोई लेता नहीं।’

परत येताना टेम्पोत मी पद्मजाला विचारलं, ‘तू मला सांगितलं का नाहीस?’

ती आश्चर्यानं म्हणाली, ‘आपल्याला तर सगळं मराठी येतं ना? मला वाटलं, आपल्याला समजलंच असेल.’

ती चिडवत नव्हती. चिडवत असती तर मला सोपं गेलं असतं.

संध्याकाळी घरात सभा भरली. उद्याचं काय? एका दिवसात ‘प’ सुटणार नव्हता. नानांनी तोडगा काढला : अर्जावर नावच बदलू. ‘सुनीता लिहून टाकू. एक प्रतिज्ञापत्र दिलं की झालं. रेल्वेत रोज होतं.’ सुलभानं गंभीरपणे मान हलवली. मीही क्षणभर विचारात पडले, हे कबूल करते.

‘नको,’ पद्मजा म्हणाली. ‘मी माझंच सांगीन. वेळ लागला तर लागू द्या.’

हे सगळं मी परतीच्या गाडीत लिहिते आहे. बीना गेलं, बाहेर पळसाचं रान आहे, आणि समोरच्या बाकावरचे गृहस्थ ‘आशिर्वाद’ असं ऱ्हस्व लिहिलेली लग्नपत्रिका वाचताहेत. लोक प्रवासातून साड्या आणतात, पेढे आणतात. मी एक अक्षर घेऊन चालले आहे, ते माझ्याच हस्ताक्षरातल्या यादीत होतं आणि दुसरीनं नुसतं ऐकून दाखवून दिलं. नाना आता सगळ्यांना सांगतात की चार आण्याच्या दवाखान्याचं नाव त्यांनीच सुचवलं होतं. मी खोडून काढलं नाही. सराव म्हणून.

शुक्रवारची सकाळ तेवढी सांगायची राहिली. आठ वाजता आम्ही तिघी मोठ्या बाईंसमोर बसलो. त्यांनी पेन उघडलं. ‘बेटी, नाम?’

पद्मजानं श्वास घेतला. ‘प...’ आणि थांबली. पुन्हा ‘प...’ सुलभाचे ओठ हलू लागले. मी टेबलाखाली तिच्या पायावर पाय दिला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. पंख्याच्या किती फेऱ्या झाल्या कोण जाणे.

‘पद्मजा.’

बाईंनी ते लिहून घेतलं. मग मान वर न करता विचारलं, ‘पिता का नाम?’

नानांचं नाव पुरुषोत्तम. मी सुलभाच्या पायावरचा पाय तसाच राहू दिला.