ठाण्यातला सौदा

भर बाजारात, ऐन दुपारी, मी कान धरून उठाबशा काढल्या. माझ्याच बैलांसमोर.

मी हेडी. बैल घेतो, विकतो. बाजार नांदेड जिल्ह्यातला, गावाचं नाव लिहीत नाही. लाल कंधारी जोडी माझी होती. तिथल्या एका पुढाऱ्याच्या पुतण्यानं ती मनाला येईल त्या भावात मागितली. मी म्हणालो, "न्हाई परवडत, दादा." त्यानं मुस्काटात मारली. मग उठाबशा. मग त्याच्या माणसांनी माझ्या हातातला कासरा काढून घेतला आणि जोडी टेम्पोत चढवली. पलीकडे दोन पोलीस चहा पीत उभे होते. पीतच राहिले.

गाल दुखत नव्हता. काहीच होत नव्हतं.

पोलीस ठाण्यात तक्रार घेऊन गेलो, तर फौजदार म्हणाले, "मिटवून घ्या." पुतण्याला बोलावलं. त्याला खुर्ची दिली. मी उभा.

आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली हात धरायचा, बोटं दाबून आकडा सांगायचा. पुतण्यानं गळ्यातला रुमाल हातावर टाकला आणि हात माझ्यापुढं केला. "बोला हेडीशेठ, कितीत गप बसता?"

आणि माझा हात आत गेला. वीस वर्षांची सवय. मी त्याची चार बोटं दाबली.

"दाबली की ओ, साहेब!" तो ओरडला. सगळं ठाणं हसलं.

मी तापट माणूस. भावावरून लोकांच्या गचांडीला हात घातलाय. त्या दिवशी राग आला नाही. नुसतं दिसलं. दुसऱ्याची जनावरं हाकता हाकता मी स्वतःची दावण उभी केली, ती अशीच. नाक्यावर पोलिसांना पैसे देऊन मिटवलं, बाजारात मिटवलं. मार खाल्ला, त्याचाही भाव केला. कायदा विकायची चटक यांना लागली, त्यात माझाही हात होता.

तो हात मी बाहेर काढला. म्हणालो, "गुन्हा लिहून घ्या."

"साक्षीदार कोण?"

"तुमचेच दोन शिपाई. चहा पीत होते."

हसणं थांबलं. लिहून मात्र कुणी घेतलं नाही.

तेव्हापासून दर बाजारच्या दिवशी ठाण्यात जातो. अर्ज देतो, पोच मागतो, मिळत नाही, बाकावर बसतो. धंदा बुडतो. बुडू दे.

परवा फौजदार म्हणाले, "कशाला येऊन राहिला रे? कंटाळा न्हाई का येत?"

म्हणालो, "तुमची बदली व्हईल, साहेब. माझी न्हाई. पुढच्यालाबी हेच सांगीन."