झुरळांचे पास्कूकाका

पास्कूकाकांसमोर झुरळाला हुशार म्हटलेलं त्यांना खपत नसे. "बघा कसं पळालं, लबाड आहे मेलं," असं माझी बायको म्हणाली की ओट्याखाली शिरलेले काका तिथूनच मान बाहेर काढत. "वहिनी, लबाड वगैरे काय नाय. सावकाश पळनारी तुमच्या चपलेखाली गेली. ही उरली." एवढं सांगून पुन्हा आत.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत आम्ही विरारला राहायला गेलो. पहिल्या सभेला मी उशिरा पोचलो, तोवर मला सोसायटीचा सेक्रेटरी करून टाकलं होतं. झुरळांचं खातं त्यातच आलं. कुणीतरी पास्कूकाकांचं नाव सुचवलं. नायगावच्या खाडीकडच्या गावातले हे ख्रिस्ती गृहस्थ. किडकिडीत, खाकी अर्ध्या चड्डीतले, सायकलला पत्र्याचा डबा बांधलेला. तीस वर्षं एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते मदतनीस होते. मुलांनी चिरायची झुरळं सांभाळायचं काम त्यांचं. निवृत्तीनंतर तीच मारायचा धंदा सुरू केला, तेव्हा मनाला बरं वाटेना म्हणून चर्चमध्ये फादरांना विचारून आले. "फादर म्हनाले, आधी आमच्या स्वयंपाकघरात या, मग पापाचं बोलू."

कणीक, बोरिक पावडर आणि ग्लुकोज मळून ते स्वतः गोळ्या करत. पहिल्या वर्षी आमच्या इमारतीत केरसुणीने गोळा करावीत इतकी झुरळं मेली. घरोघरी काकांना चहा होऊ लागला. दुसऱ्या वर्षी चहा कमी झाला. तिसऱ्या वर्षी झुरळं गोळ्यांना वळसा घालून कपाटात जाऊ लागली, तेव्हा चेअरमनसाहेबांनी जिन्यातच सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "गोळ्यांत भेसळ आहे."

काका डबा उचलून खाली उतरले. सायकलपाशी मला म्हणाले, "तीस वर्षं लॅबच्या किल्ल्या माझ्याकडं होत्या. असं कोनी म्हनलं नाय." डबा सायकलला आवळून बांधला. मग म्हणाले, "सभेत मला पाच मिनिटं द्या."

रविवारी सकाळी गच्चीवर सभा भरली. काकांनी लोणच्याच्या काचेच्या दोन बरण्या टेबलावर ठेवल्या. एकीत त्यांच्या गावच्या घरातली झुरळं, जिथं कधी गोळी पडली नव्हती. दुसरीत आमच्या इमारतीतली. एकाच डब्यातल्या दोन गोळ्या त्यांनी दोन्हींत टाकल्या. गावची झुरळं लग्नाच्या पंगतीसारखी तुटून पडली. आमची पुढं आली, मिशा लावल्या आणि मागं सरली.

"म्हणजे आपली झुरळं शिकली," चेअरमन म्हणाले. आवाजात थोडा अभिमान होता.

"एकबी शिकलं नाय, साहेब. पहिल्यापासून हजारात चार-दोन अशी असतील, ज्यांना गोड नको. कशाला नको, ते त्यांनाबी ठाऊक नाय, जन्मतःच तशी. गोड खानारी माझ्या गोळीनं मेली. ही चार-दोन उरली, त्यांना पोरं झाली, पोरांनापन गोड नको. आता सगळी इमारत त्यांची. औषध तेच आहे. झुरळं ती नायत."

नीट दिसावं म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या काकू पुढं वाकल्या आणि त्यांच्या पदरात अडकून गावची बरणी उलटली. सभेचा कोरम तिथंच मोडला. चेअरमनसाहेब, ज्यांना एरवी गुडघेदुखीमुळे जिनाही धड चढवत नसे, पाण्याच्या टाकीच्या शिडीवर होते. काका रांगत चार-पाच झुरळं पकडू शकले. बाकीची पन्हळीतून खाली, आमच्या घरांत.

मी त्यांची माफी मागितली. ते चड्डीला हात पुसत म्हणाले, "जाऊ द्या. इथल्यांशी सोयरीक करतील. पोरं थोडी तरी गोड खातील."

भेसळीचा शब्द मात्र चेअरमननी मागं घेतला, शिडीवरूनच. काकांनी ग्लुकोज बंद करून सुकटीची पूड घातली आणि झुरळं पुन्हा मरू लागली. यावर शाकाहारी मजल्यांनी लेखी हरकत घेतली. "झुरळ शाकाहारी नसतं," काका म्हणाले. पण शेवटी त्या दोन मजल्यांसाठी दाण्याचं कूट घालून वेगळ्या गोळ्या करून आणल्या. पुढं दरवर्षी ते चव बदलत राहिले. एकच चव ठेवली तर ती न खाणाऱ्यांचंच राज्य येतं, असं त्यांचं म्हणणं.

मग त्यांना खोकला लागला. क्षयरोग निघाला. सरकारी दवाखान्यातून महिनोन्महिने औषध घ्यायचं होतं. दुसऱ्या महिन्यात बरं वाटू लागलं की लोक यायचे बंद होतात. काका स्वतः तर जातच राहिले, पण रांगेतल्या कुणाचा खाडा झाला की त्याचा पत्ता काढून घरी जायचे. मी भेटायला गेलो तेव्हा दवाखान्याच्या बाकावर एका तरुण कामगाराला समजावत होते, "बरं वाटतंय म्हंजे कच्चे जंतू मेले. आता सोडलंस तर पक्के तेवढे उरतील. मग त्यांचीच वस्ती, आनि हे औषध त्यांना लागनार नाय." तो मान डोलावत होता. काकांचा विश्वास बसलेला दिसत नव्हता.

ते पूर्ण बरे झाले. पण डॉक्टरांनी बोरिकची भुकटी हाताळायला मनाई केली आणि आमच्याकडं गणवेशातली कंपनीची माणसं येऊ लागली. काका तीन-चार वर्षांनी गेले, हृदयविकारानं. मी त्यांच्या गावच्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलो होतो. शेजारी दवाखान्याच्या बाकावरचा तो तरुण कामगार, बायको आणि लहान मुलगी घेऊन आलेला. वालीवच्या कारखान्यातून सुट्टी मिळाली नव्हती, तसाच निघून आलो म्हणाला.

"मी दोनदा सोडलं होतं औषध," तो हळूच म्हणाला. "सायकलवरनं रोज यायचे. गिळलं का ते तोंड उघडून बघायचे. लई राग यायचा मला."

प्रार्थनेत कधी उठायचं आणि कधी गुडघे टेकायचे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. पुढच्या बाकाकडं बघून आम्ही प्रत्येक वेळी उशिरानं उठत-बसत होतो. माती द्यायच्या वेळी मात्र त्याला कुणाकडं बघावं लागलं नाही. मुलीला माझ्याकडं देऊन तो घरच्यांच्या पाठोपाठ पुढं गेला.